पान एकशे बारा

लानवेर, ७ ऑक्टोबर १९४६

आनाइग,

तुझ्या आईने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, "गेली. मंगळवारच्या बोटीने. कॅनडाला." आणि दार लावून घेतलं. मॉन्ट्रियलला तू नोकरी धरलीस त्या इस्पितळाचा हा पत्ता मी पाद्रीबाबांकडून काढला. त्यांच्यावर चिडू नकोस, मी त्यांना सोडतच नव्हतो.

मी चार वर्षं इंग्लंडात होतो तेव्हा तू थांबलीस. मी परत आलो, लग्नाचा महिना ठरला, आणि आता मात्र तुला थांबवेना. का, ते मला कळतं. गावाने तुमचं जे केलं ते मीही पाहतोय. पाववाली तुझ्या आईचा पाव फळीवर उलटा ठेवते, पूर्वी फाशी देणाऱ्यासाठी ठेवायचे तसा. मी तिला बोललो. ती म्हणाली, "मोदेज, तू कमांडोंची हिरवी टोपी घालून किनाऱ्यावर उतरलास, तुला आम्ही डोक्यावर घेऊ. पण ज्या चौघांना भिंतीपाशी उभं केलं, त्यांच्या आयांना जाऊन सांग ना हे."

ताँगीचं काय झालं, असं जाण्याआधी तू मला शेवटचं विचारलंस तेव्हा मी उठून गेलो. म्हणून आता लिहून देतो. चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत आम्ही सहाजण नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. वाळूचा नमुना आणायचा, काटेरी तारेचा तुकडा आणायचा, एवढंच काम. कडा चढून वर गेलो ते मी आणि तुझा भाऊ, दोघंच. जर्मन आले. ताँगीने हात वर केले आणि तो त्यांच्याकडे चालत गेला. मी दोराने खाली आलो. बारा दिवसांनी इथे लानवेरात धरपकड झाली आणि चौघांना गोळ्या घातल्या. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. मी जोडल्या नाहीत. मी कोणासमोर असं म्हटलेलं नाही की ताँगीने नावं सांगितली.

माणूस हात वर करतो तेव्हा त्याच्यावर काय बेतलेलं असतं हे ज्याने पाहिलं नाही त्याने बोलू नये. मी त्याला दोष देत नाही.

पत्राचं उत्तर दे. दोन ओळी चालतील.

मोदेज

*

लानवेर, १९ मार्च १९४९

आनाइग,

हे सातवं पत्र. आधीची पोचली असतील, कारण परत आलेली नाहीत.

माझं चांगलं चाललंय. लष्कराने मागे टाकलेल्या होड्या, ताडपत्र्या, पत्र्याचे गठ्ठे मी उचलले, त्यातून हा सार्डिन मासळी डबाबंद करायचा कारखाना उभा राहिला. साठ बायका कामाला आहेत. डब्यांवरची चित्रं ब्रेस्टहून छापून यायला उशीर व्हायचा, म्हणून मी एक जुनं छपाईयंत्रच घेतलं. गंमत सांगतो. यंत्र दुपारभर रिकामं असायचं, तेव्हा आमच्या तुकडीतल्या एका बेल्जियन मित्राने आपल्या आठवणी आणून दिल्या, म्हणाला छाप. छापल्या. डब्यांपेक्षा जास्त खपल्या. आता लोक पॅरिसहून बाडं पाठवतात. लढाई केलेल्या प्रत्येकाला वाटतं, आपलं कोणीतरी ऐकावं.

तुझ्या आईला मी काम दिलंय. तू पाठवतेस त्यात तिचं भागत नसावं. काळजी करू नकोस, ती बरी आहे.

मोदेज

ता. क. वरचं वाक्य तसंच ठेवतो, पण पुरतं खरं नाही ते. तुझी आई, कातेल मावशी, स्वतःच आली होती काम मागायला. मी तिला डबे भरायच्या टेबलाशी बसवलं तर बायका उठून उभ्या राहिल्या. मुकादमीण म्हणाली, "साहेब, एक तर ती, नाही तर आम्ही." मग मी तिला मागच्या अंगणात माशांची डोकी आणि आतडी उचलायला लावलं. ती रोज येते. मला बघून मान हलवते, तोंडातून शब्द काढत नाही. थंडीत तिच्या हातांना भेगा पडतात, त्यात मीठ जातं.

*

पॅरिस, २ डिसेंबर १९५४

आनाइग,

आठ वर्षांत तुझं पहिलं पत्र आलं. पत्र कसलं, कार्ड. कारकुनाने बाकीच्या टपालाबरोबर आणून ठेवलं आणि मी अक्षर ओळखलं. "पान एकशे बारा. तू तिथे होतास. खरं आहे का हे?"

म्हणजे माझं पुस्तक तिथपर्यंत पोचलं. ते मी लिहायला नको होतं असं तुला वाटत असेल. पण आता मी पॅरिसात प्रकाशक आहे, सैनिकांचीच पुस्तकं काढतो. सगळे विचारायचे, दुसऱ्यांच्या आठवणी छापता, तुमच्या कुठे आहेत? मग बसलो लिहायला. ताँगीवर मी एकच परिच्छेद लिहिला आणि त्यात वाईट काही लिहिलेलं नाही. आम्ही दोघांनी चाळीसच्या जूनमध्ये त्याच्या मामाची होडी पळवली आणि इंग्लंडला गेलो, ते लिहिलं. स्कॉटलंडात तो माझं ओझं स्वतःच्या पाठीवर घेऊन डोंगर चढला, तेही लिहिलं. आणि मग ते वाक्य: "त्याने हात वर केले, मी त्याला दोष देत नाही." वाचकांना ते वाक्य फार आवडलं. एका बाईने तर पत्र पाठवलं, तुमचं मन किती मोठं आहे म्हणून.

तू विचारलंस खरं आहे का. त्या रात्रीचा आमचा अधिकारी सहा जूनला, फौजा उतरल्या त्या दिवशी, वाळूतच पडला. होडीतले बाकीचे कोणी तिथे मेले, कोणी नंतर हॉलंडात. मी तिथे होतो. जे पाहिलं ते लिहिलं.

तुझं लग्न झाल्याचं कळलं. नवरा कसा आहे? मी केलं नाही.

मोदेज

*

पॅरिस, ११ मे १९६१

आनाइग,

कारण नसताना लिहितोय असं वाटेल. कारण आहे, पण सांगता येईल की नाही ते पत्र संपेपर्यंत कळेल.

आमच्याकडे ओदिल नावाची एक बाई आहे, अल्सासची. जर्मन बाडं तीच वाचते. सोमवारी ती माझ्या खोलीत आली. हातात एम्डेनहून आलेलं बाड. लिहिणारा युद्धात जर्मन लष्कराचा मलमपट्टीवाला होता, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर. रेंकेन त्याचं नाव.

"साहेब, हे आपण काढायलाच हवं," ती म्हणाली. "यात एक फ्रेंच कमांडो आहे. फेब्रुवारी चव्वेचाळीस. सुरुंगाने पाय गेलेला. चार दिवस त्याने तोंड उघडलं नाही, नाव सांगितलं नाही, तुकडी सांगितली नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्याला गोळी घातली. हा तुमच्याच लोकांपैकी असणार. ओळखलात का?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्यात असं कोणी नव्हतं."

"लाल केसांचा होता म्हणे. आणि बरगडीवर भाजल्याची जुनी खूण."

"ओदिल, मी नाही म्हणालो ना."

ती गेली. ताँगीच्या बरगडीवरची खूण तुला माहीतच आहे. डांबराची कढई कलंडली तेव्हा तू होतीस तिथे.

यापुढे आज लिहवत नाही.

मोदेज

*

पॅरिस, ३० मे १९६१

आनाइग,

मी रेंकेनला बोलावून घेतलं. बाड नाकारायचं पत्र लिहून झालं होतं, सहीसुद्धा केली होती. ते फाडलं आणि त्याला गाडीचं तिकीट पाठवलं.

आम्ही उत्तरेच्या स्टेशनसमोर एका कॅफेत बसलो. बारीक, टक्कल पडलेला माणूस, आता शाळेत शिपाई आहे. त्याला मोडकं फ्रेंच येतं. बियर मागवली आणि तिला हात लावला नाही.

"त्याला मॉर्फिन द्यायची परवानगी नव्हती," तो म्हणाला. "बोलला तर द्या, असा हुकूम होता. मी दोनदा चोरून दिलं. पुस्तकात ते लिहिलेलं नाही, लोकांना वाटेल मी स्वतःचं कौतुक करतोय."

"तो काहीच बोलला नाही?"

"त्यांच्याशी नाही. माझ्याशी बोलला, एकदा. तिसऱ्या दिवशी. विचारत होता, होडी गेली का? मी म्हटलं, गेली. सगळे गेले? मी म्हटलं, हो, तुझे सगळे गेले. खरं तर मला माहीत नव्हतं. पण त्याला बरं वाटलं. मग झोपला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही त्या होडीत होता, मस्यू?"

"होतो."

"मग बरं झालं, मी त्याला सांगितलं ते खोटं नव्हतं."

आनाइग, आता मी तुला सांगतो. सतरा वर्षं मी हे मनातल्या मनातसुद्धा सरळ म्हटलेलं नाही, त्यामुळे वाक्यं वेडीवाकडी येतील.

धुकं होतं, म्हणून आम्हाला उशीर झाला. कड्यावर चढलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. तार कापली. परत वळताना ताँगीचा डावा पाय सुरुंगावर पडला. मी त्याला काखेत धरून कड्याच्या टोकापर्यंत ओढत आणलं. चाळीसएक पावलं असतील. तोवर मी ठीक होतो, हे मला तुला सांगायचंय. तोवर मी तोच होतो ज्याला तू ओळखायचीस. त्याने स्वतःच पट्ट्याने पाय आवळला. म्हणाला, "दोर माझ्या काखेखालून बांध आणि मला खाली सोड. मी ओरडणार नाही." त्याचं डोकं माझ्यापेक्षा शांत होतं.

तेवढ्यात कुत्रा भुंकला. जवळ नव्हता. आता विचार केला तर दूरच होता. वेळ होता, आनाइग. मी म्हणालो, "मी आधी उतरतो, खालून तुला घेतो." खालून कोणाला घेता येत नाही. त्यालाही ते माहीत होतं. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं.

मी उतरलो. उतरल्यावर दोर खाली खेचून घेतला. तो खेचायची काही गरज नव्हती. दोर तसाच राहिला असता तर तो हातांवर उतरला असता, पडला असता, मेला असता, पण आमच्यात मेला असता. मला वाटतं, तो उतरून येईल आणि सांगेल याची मला भीती वाटली. किंवा जर्मन त्याच दोराने उतरतील अशी वाटली. दोन्ही लिहून ठेवतो. कुठलं खरं ते मलाच आता सांगता येत नाही.

अधिकाऱ्याने विचारलं, "दुसरा कुठाय?" मी म्हणालो, "हात वर केले त्याने." कुठून आलं तोंडात, देव जाणे. तो जिवंत आणि जखमी आहे म्हटलं असतं तर अधिकारी मला घेऊन परत वर चढला असता. तसाच होता तो माणूस.

होडी पाण्यात ढकलली तेव्हा वरून ताँगीची हाक आली. आपल्या ब्रेटन बोलीत. "मोदेज, दोर!" दोनदा. होडीत ब्रेटन कळणारा मी एकटा. बाकीचे कोणी नॉर्मन, कोणी पॅरिसचे. त्यातल्या एकाने विचारलं, "काय ओरडतोय तो?" मी म्हणालो, "जर्मनांना सांगतोय, गोळी मारू नका."

हे माझं पान एकशे बारा.

आणि तो बोलला नाही. त्याने गावाचं नाव तर सोड, स्वतःचं नावही दिलं नाही. लानवेरातल्या धरपकडीशी त्याचा काही संबंध नव्हता, असूच शकत नव्हता. तो ब्रेटन आहे हेसुद्धा त्यांना कळलं नव्हतं. त्या चौघांची नावं दुसऱ्या कोणी दिली, आणि गावाला ते तुझ्या आईच्या दारात ठेवायला मिळालं, कारण मी सोय करून दिली होती.

अठरा जूनला लानवेरात हुतात्म्यांच्या दगडापाशी समारंभ आहे. दरवर्षीसारखं मीच भाषण करायचंय. मी जाणार आहे. काय करेन ते अजून ठरलेलं नाही.

मोदेज

*

लानवेर, १८ जून १९६१, दुपार

आनाइग,

हे मी तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. कागद तिचा, पेन माझं.

सकाळी आलो तेव्हा चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेचा मिस्सा चालू होता, धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. मी छातीवर पदकं लावलेला कोट घालून तिच्या दारात उभा. ती बटाटे सोलत होती. ऐंशी वर्षांची झाली, पण हात अजून भराभर चालतात.

"मावशी, मला बोलायचंय."

"सतरा वर्षांनी का? बस. कोट काढ, टेबलाला ओरखडे पडतील."

मी सांगितलं. तुला लिहिलं तसंच, दोर खेचल्याचंही. ती सोलत होती. हाकेपर्यंत आलो तेव्हा तिचा सुरा थांबला.

"कुठला पाय?"

"डावा."

"गुडघ्याच्या वर की खाली?"

"खाली."

"म्हणजे जगला असता." ती विचारत नव्हती. "आपल्या धक्क्यावर चार माणसं लाकडी पायावर चालतात. जगला असता."

"हो मावशी. जगला असता."

तिने बटाटे पाण्यात टाकले, हात पुसले. बाहेर घंटा झाली, मिस्सा सुटला होता, बँडवाले वाद्यं लावत होते. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि दोन्ही झडपा पार भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. तुला आठवत असेल, खिडकीच्या समोर दगड आणि दगडासमोर सगळं गाव.

"आता परत सांग," ती म्हणाली. "मोठ्याने. मला कमी ऐकू येतं."

तिला उत्तम ऐकू येतं.

मी खिडकीत उभा राहिलो. पहिल्यांदा चौकट धरून नुसताच पुढे वाकलो, लोकांना वाटलं मी नमस्कार करतोय, दोघातिघांनी टोप्या उचलल्या. मग सांगितलं. बँडमधला ढोलवाला थोडा वेळ वाजवत राहिला, त्याला ऐकू गेलं नव्हतं. मग तोही थांबला. सरपंच पुढे आला. माझ्याच कारखान्यात कारकून होता तो एके काळी. हळू आवाजात म्हणाला, "मोदेज, तब्येत बरी नाही तुझी. आत जा. आपण भाषण पुढे ढकलू."

"परत," तुझी आई मागून म्हणाली.

मी परत सांगितलं. या वेळी हाकेचं ब्रेटनमध्येच सांगितलं, शब्दाला शब्द. म्हातारी माणसं खिडकीच्या जवळ सरकली. त्या चौघांतल्या थोरल्याची आई, अंगात काळा झगा, काठी टेकत खिडकीखाली आली. वर बघत म्हणाली, "मग माझ्या पोराचं नाव कोणी दिलं? ते सांग ना!"

"मला माहीत नाही. ताँगीने दिलं नाही."

"मग कोणी?"

तिने मागे वळून लोकांकडे बघितलं, आणि आनाइग, ते मी विसरणार नाही. कोणी कोणाकडे बघेना. दोनशे माणसं उभी, आणि प्रत्येकजण स्वतःच्या बुटांकडे बघतोय. पाववाली आत गेली आणि दुकानाचं दार लावून घेतलं. कोणीतरी खिडकीच्या दिशेने थुंकलं, माझ्यासाठी असेल, तुझ्या आईसाठी नसावं. मी तसं समजतो.

"अजून एकदा," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ऐकणारे निम्मे गेले होते. हार भाषणाशिवाय चढवला. सरपंच म्हणाला, दगडावर पाचवं नाव कोरायचं तर सभा घ्यावी लागेल, वेळ लागेल, लोकांची मनं बघावी लागतील. मी म्हणालो, घ्या सभा. तो म्हणाला, तू मात्र येऊ नकोस.

पुस्तक मी बाजारातून परत मागवलंय. रेंकेनचं बाड ऑक्टोबरात निघेल. त्यात मागे माझी वीस पानं जोडणार आहे, माझ्या सहीने. ओदिलने ती वाचली आणि राजीनामा दिला. म्हणाली, "रेंकेनचं पुस्तक काढून होईपर्यंत थांबते. ते त्याच्यासाठी. आणि लाल केसांच्या माणसासाठी." माझे भागीदार वकिलाकडे गेलेत. जुन्या तुकडीतले लोक काय करतील हे मला माहीत आहे आणि त्यांचं बरोबर असेल.

माफी मागायला मी हे लिहीत नाही. मागितली असती तर तुझ्यावर द्यायची की नाही याचा भार पडला असता, आणि तो तुझ्यावर टाकायचा मला हक्क नाही.

तुझी आई समोर बसलीय. तिला लिहिता येत नाही, म्हणून म्हणाली, "तिला माझंही लिही."

"काय लिहू?"

"लिही की आई म्हणते, ये. मुलांना घेऊन ये. रविवारी अकराच्या गाडीने उतर आणि धक्क्यावरून चालत ये, सगळ्यांच्या समोरून. मी दारात उभी राहीन."

लिहिलं. वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

"आणखी काही, मावशी?"

"आणखी लिही, तेव्हा तू इथे नसशील."

तेव्हा मी इथे नसेन.

मोदेज